गादीवाफा

सेंदाई
२ एप्रिल २०२४

प्रिय अनू,

सकाळी सुईत दोरा ओवत होते. तीनदा चुकला आणि एकदम आपला शिवणाचा तास आठवला. गुरुवारी दुपारी, डबा खाल्ल्यावर, वर्गात पेंग भरलेली. सिस्टर बेनेडिक्टा लाकडी पट्टी घेऊन बाकांमधून फिरायच्या. तुझे टाके म्हणजे एक लहान, एक मोठा, मग एक साफ तिरका, मुंगीने वाट चुकावी तसा. सिस्टर तुझा रुमाल खिडकीकडे धरायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "अनपिक इट, चाइल्ड." तू उसवायचीस आणि पुन्हा तस्सेच घालायचीस. शेवटी मी बाकाखालून तुझा रुमाल घेऊन माझा तुझ्या मांडीवर सरकवत असे. त्या दुपारी काहीच घडलं नव्हतं. पंखा कुरकुरत होता, तू शाईचा डाग चाटून पुसत होतीस. तरी शाळेतलं दुसरं काही इतकं स्वच्छ दिसत नाही.

दिसण्याचं निघालं म्हणून सांगते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एक मे महिन्यात काढतील, दुसरा जुलैत. काळजीचं काही नाही. हे फोनवर सांगितलं असतं, पण तू "काय?" म्हणतेस आणि मी दुप्पट ओरडते, मग शेजारच्या ओनो-सान हळूच खिडकी लावून घेतात. आपली पत्रंच बरी.

आता कामाचं. आमची ही कॉलनी टेकडी कापून, खड्डे भरून वसवलेली आहे. दत्तात्रय म्हणायचे, "ही जमीन नाही सरू, ही भर आहे." तीस वर्षं ते परसात काही ना काही लावत राहिले आणि ते मरत राहिलं. चार बोटं खणलं की पिवळी चिकट माती, तिच्यात कौलांचे तुकडे. ते जाऊन आता तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी मी मेथी टाकली तर दोन बोटं वर आली आणि खाली बसली.

जावई म्हणतो, खाली खणण्यापेक्षा वर चढवू या. सुगीच्या, म्हणजे इथल्या देवदाराच्या, लाकडाच्या फळ्यांची चौकट करायची आणि ती भरायची. केन आणि मधुरिमा कावासाकीला असतात, मेच्या सुट्टीत तो चार दिवस आधी येऊन हे काम करणार आहे. चौकट त्याला जमेल, भरायचं काय ते आम्हां दोघांना माहीत नाही. तुझ्या हेमचंद्रांच्या शेतकी कॉलेजातल्या वह्या आहेत ना अजून? बघून लिही. मराठीतच लिही. केन तुझी पत्रं फोनमधला शब्दकोश घेऊन वाचतो. मधुरिमाशी मी मराठीत बोलते आणि ती जपानीत उत्तर देते, हा जपानी माणूस मात्र मला मराठीत विचारतो, "आई, दमलात का?"

तुझी
सरू


पुणे
१५ एप्रिल २०२४

प्रिय सरू,

शाईचा डाग मी चाटला नव्हता, ओल्या बोटाने पुसला होता. बाकी सगळं खरं आहे.

डोळ्याचं मनावर घेऊ नकोस. माझे दोन्ही झाले. त्यानंतर मला घरातली सगळी जळमटं दिसली आणि आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही. कानाचं यंत्र मात्र कपाटातच आहे. ते लावलं की जगातल्या सगळ्या पिशव्या एकदम चुरचुरतात.

हेमचंद्रांच्या वह्या माळ्यावरून काढल्या. तू म्हणतेस त्याला आपल्याकडे गादीवाफा म्हणतात. वाईट जमिनीवर किंवा पाणी साचतं तिथे करतात. त्यांच्या अक्षरातलं तुला माझ्या अक्षरात उतरवून देते, दोन्ही सारखीच वाईट.

चौकटीत तळाला पुठ्ठे अंथर, चिकटपट्ट्या काढून. त्यावर जाड फांद्या, काटक्या, पालापाचोळा. मग गादी फूटभर भरून घे. चांगली दाब आणि पाणी मार. सगळ्यात वर टीचभर चांगली माती आणि कुजलेलं खत. आधी खूप उंच वाटली तरी घाबरू नकोस, गादी बसत जाते. पहिल्या वर्षी वरून पुन्हा माती लागते.

तुझ्या जावयाला सांग, अनुराधा मावशी म्हणते, पायाने तुडवायचं नाही, हाताने दाबायचं. आणि त्याला विचार, मला जपानीतून एक पत्र लिहील का. मी श्रावणीच्या फोनमधून वाचेन. माझी नात दिवसभर त्याच्यातच असते, तेवढा तरी उपयोग.

तुझी
अनू


सेंदाई
६ मे २०२४

प्रिय अनू,

हे पत्र वाचून तू हसशील. मला अजून हसू आलेलं नाही.

परवाच्या गुरुवारी माझ्या डोळ्याच्या तपासण्या होत्या. सकाळी गेले ती चारला आले. केन पायरीवर बसून चहा पीत होता, हातांना माती, चेहरा परीक्षेत पहिला आल्यासारखा. चौकट सुरेख झाली आहे. गुडघ्याएवढी उंच, कोपरे असे जुळवलेले की नख जाणार नाही. वर काळीभोर माती, तिच्यात ओनो-सान यांनी दिलेला कालवांच्या शिंपल्यांचा चुरा.

मला म्हणाला, "आई, झालं. मावशींनी लिहिलं तसंच."

मी हात ठेवून दाबून बघितलं तर माती खाली जाऊन वर आली. उशी दाबावी तशी. मी विचारलं, ही अशी लवते का रे?

"गादी आहे ना," तो म्हणाला.

मी म्हटलं, हो, गादीवाफाच तो.

"हो. गादी आत, वाफा वर."

अनू, मला कळायला किती वेळ लागला सांगू? मी बूट काढले, आत गेले, हात धुतले, आणि मग भिंतीतल्या कपाटाचं सरकतं दार उघडलं. खालचा कप्पा रिकामा होता. आमची गादी. तू त्र्याऐंशी साली करून दिलेली, दत्तात्रयच्या पुस्तकांबरोबर बोटीने आलेली, निळ्या पट्ट्यांची.

त्याची चूक तरी कशी म्हणू? फेब्रुवारीत मीच म्हणाले होते की ही जड गादी आता उचलवत नाही, मोठ्या कचऱ्याच्या ऑफिसला फोन करून टाकायच्या सामानावर लावायचा स्टिकर आणायला हवा. आणि तू लिहिलंस, मग गादी फूटभर भरून घे. त्याने शब्दकोशात पाहिलं. गादी म्हणजे फुतोन. शुद्ध कापूस, म्हणजे कुजेल, झाडांना बरा. त्याला वाटलं, या मावशी किती हुशार आहेत. मला समजावून सांगत होता, "एकेरी ठेवली तर फूटभर होत नव्हती, म्हणून दोन घड्या घातल्या."

माझा चेहरा पाहून त्याला काय झालं ते कळलं. तो व्हरांड्याच्या फळ्यांवर गुडघे टेकून बसला, दोन्ही हात पुढे ठेवले आणि कपाळ टेकवलं. आत्ता काढतो म्हणाला. मी त्याला उठवलं. नको म्हटलं. आता काढून ओली, चिखलाची गादी ठेवायची कुठे? संध्याकाळी मधुरिमा आली. तिने फक्त एक लांबलचक "एऽऽ" काढला आणि माझा हात धरून बसली.

अजूनही कपाटापाशी गेले की दचकते. या देशातलं माझं पहिलं सामान ते. मधुरिमा तिच्यावर वाढली, दत्तात्रय शेवटच्या आजारात तिच्यावरच असायचे. एकेचाळीस वर्षांत ती एकदाही उसवली नाही. इथे पिंजारी कुठला? वर्षातून दोनदा उन्हात टाकून काठीने झोडपायची, बस्स. पायाकडच्या एका कोपऱ्याचे टाके वेडेवाकडे होते, पिंजाऱ्याचा हात तिथे थरथरला असेल. मी तो कोपरा डोक्याशी घ्यायची. झोप लागेपर्यंत त्यावरून अंगठा फिरवायची सवय होती. आता अंगठ्याला काय करावं ते समजत नाही, बघ.

असो. तिच्यावर मेथी पेरली आहे. तुझी भेट तू सांगितलेल्या जागी गेली असं समजते.

तुझी
सरू


पुणे
१८ मे २०२४

सरू,

श्रावणीच्या फोनवरून पाठवलेला निरोप तुला मिळाला असेल, पत्र येईपर्यंत वाफ्याला पाणी घालू नकोस. ती मला विचारत होती, "आजी, हा कोडवर्ड आहे का?" पुढचं तिच्याकडून टाइप करून घेण्यासारखं नव्हतं.

तुझं पत्र काल आलं. मी ते उभ्याने वाचलं आणि मग बसले. उसवली नाही हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की अक्षरं वेगळी दिसायला लागली. सरू, मला वाटत होतं तू ती केव्हाच उसवलीस. चौऱ्याऐंशी नाही तर पंच्याऐंशी, शहाऐंशीच्या आत केव्हातरी. एकेचाळीस वर्षं मी हेच धरून चालले.

ती गादी माझी भेट नव्हती. तुझ्या आईची होती.

तू रजिस्टर लग्न करून दत्तात्रयना घेऊन दारात गेलीस आणि आतून कडी लागली, त्यानंतर पाचव्या दिवशी काकू मला तुळशीबागेत भेटल्या. रामाच्या देवळाच्या ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी कापसाचं गाठोडं. म्हणाल्या, परदेशात थंडी असते, चांगली सहा शेर कापसाची करून घे, तुझी म्हणून दे. मग पदरातून मेणकापडाची पुडी काढली. माझ्या करंगळीएवढी. तिच्यात तुझी वाटी होती, सरू. माहेरची. आणि एक चिठ्ठी.

ती पुडी मी पायाकडच्या कोपऱ्यात घातली आणि पिंजाऱ्याला म्हटलं, एवढा कोपरा मी शिवते. ते टाके पिंजाऱ्याचे नाहीत. सिस्टर बेनेडिक्टांनी उजेडाकडे न धरता ओळखले असते.

मी काकूंना म्हटलं होतं, तिला सांगू का? त्या म्हणाल्या, "नको. मी दिली कळलं तर उघडायच्या आधी परत पाठवेल. दोन वर्षांत कापूस दबेल, पिंजायला उसवेलच. तोवर राग उतरलेला असेल. तिला आपणहून सापडू दे." माझ्याकडून देवळात शपथ घेतली. आपल्या घरांत दर दोन-तीन वर्षांनी गादी उसवतात, पिंजारी धनुकली घेऊन दारात येतो. त्या बाईला दुसरं काही सुचलंच नसेल. जिथे पिंजारी नाही असा देश तिला डोळ्यांपुढे आणता आला नाही. मलाही आला नाही. मी तर भूगोलात पहिली यायची.

चिठ्ठीत काय लिहिलं ते मी वाचलं नाही. काकूंनी एवढं सांगितलं होतं, "वाटी पोचली असे दोन शब्द ती तुला लिहील, ते मला कळव."

तू लिहिले नाहीस. तुझं सेंदाईहून पहिलं पत्र आलं त्यात होतं, आईचं नाव पत्रात काढायचं नाही. मी ते पाळलं. नंतर तू पुण्याला आलीस तेव्हा एकदा मी विषय काढला आणि तू ताटावरून उठलीस. मला वाटलं, तुला वाटी मिळाली आहे, चिठ्ठी वाचली आहे, आणि तुझं उत्तर हेच आहे.

मी चुकले हे लिहायला सोपं आहे. तू मला आता काहीही म्हण. पण आधी खण.

अनू


सेंदाई
२९ मे २०२४

अनुराधा,

पत्र मिळालं. डॉक्टरांनी डोळ्यावर ताण नको म्हणून सांगितलं आहे, म्हणून थोडंच लिहिते.

सव्वीस वर्षांची होते मी. दाराबाहेर उभी होते आणि आत आईच्या पाटल्या वाजल्या. मग कडी. दत्तात्रयच्या आईने मंगळसूत्रात त्यांच्याकडची एक वाटी घातली आणि दुसऱ्या वाटीची जागा मोकळी राहिली. लोक विचारायचे. मी म्हणायची, आमच्यात एकच घालतात. एकेचाळीस वर्षं मी हे खोटं बोलले आणि ते खरं करायला लागणारी वस्तू माझ्या डोक्याखाली होती, असं तू मला आता कळवतेस.

शपथ म्हणे. रुमाल बदलताना तुला शपथ आठवायची नाही.

खणणार नाही. मेथी चार बोटं वर आली आहे. आईने कडी लावली हे मला माहीत आहे, त्यापलीकडे मला काही माहीत करून घ्यायचं नाही. केनने शनिवारी येऊन वाफ्यावर कामट्या वाकवून त्यांवर निळी ताडपत्री ओढून चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या आहेत. मी त्याला ते करायला सांगितलं नव्हतं. काढूनही टाकली नाही.

सरोजिनी


पुणे
९ जून २०२४

प्रिय सरू,

अनुराधा लिहिलंस. शाळेतल्या हजेरीनंतर पहिल्यांदाच.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. तुझ्या रागाला भिऊन नाही, माझ्याच हाताला ती लिहवेना म्हणून. आता लिहिते, कारण याहून रागावायला तुझ्याकडे जागा उरलेली नाही.

काकू दर दिवाळीला पाडव्याच्या आधी तुळशीबागेत यायच्या. त्याच ओट्यावर. पणत्या घ्यायचं निमित्त. मला विचारायच्या, "काही लिहिलं का तिने?" मी नाही म्हणायचे. मग त्या पणत्या निवडायच्या, एकेक पणती नखाने वाजवून बघायच्या.

शहाऐंशी साली तू मधुरिमाच्या बारशाचा फोटो पाठवलास. तो मी त्या दिवाळीत नेला. नात बघू दे म्हणून नेला, दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. काकूंनी पिशवीतून भिंग काढलं, त्यांचेही डोळे तेव्हा अधू झाले होते. बाळाकडे बघतील म्हणून मी थांबले. त्यांनी भिंग तुझ्या गळ्याशी धरलं. कितीतरी वेळ. मग म्हणाल्या, "एकच आहे."

फोटो मला परत दिला. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. येत राहिल्या, पणत्या वाजवत राहिल्या. एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये गेल्या.

तुला मिळाली नव्हती, सरू. तू घातली नाहीस असं त्या समजून गेल्या. आणि मी शेजारी बसले होते.

इथल्या पेपरात वाचलं की जपानात पावसाळा सुरू होतो आहे. रागाव. मला पत्र लिहायचं बंद कर. पण खण.

अनू


सेंदाई
२४ जून २०२४

प्रिय अनू,

तुझं पत्र गुरुवारी आलं. व्हरांड्यात बसून वाचलं आणि तिथेच बसून राहिले. केन घरूनच काम करायला म्हणून आठवडाभर इथे आला आहे. त्याची मीटिंग चालू होती, कुणाला तरी ताकाहाशी-सान, ताकाहाशी-सान म्हणत होता. मी दारात जाऊन उभी राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "आई, खणू या का?"

पाऊस बारीक पडत होता. मेथी आम्ही आधी मुळासकट उपटून टोपलीत ठेवली. केनने फावडं घेतलं नाही. स्वयंपाकघरातून भाताचा मोठा चमचा आणला, म्हणाला फावड्याने फाटेल. ताडपत्री होती तरी तळाकडून ओल चढली होती. हेमचंद्रांनी लिहिलं ते खरं, गादी बसते. दोन घड्यांची गादी वीतभर राहिली होती. कापड हाताला लागताच सुटत होतं, कापूस काळा, कढलेल्या भातासारखा, आणि त्याच्यात मेथीची पांढरी मुळं शिरलेली. मी आईला शिव्या दिल्या, तुला दिल्या, आणि सगळ्यात जास्त स्वतःला. तीन आठवडे मी रागाला पाणी घालत बसले आणि खाली हे चाललं होतं.

कोपरे चार. कुठला पायाकडचा ते कळेना. घड्या घालताना केनने उलटसुलट केलेली. आम्ही दोघं एकेका बाजूने चाचपत होतो. माझा एक डोळा नवा, एक जुना, मी डोळे मिटूनच घेतले. आणि अंगठ्याला ते लागलं. एक लहान, एक मोठा, एक तिरका. बाकीची शिवण सगळी विरली होती, अनू. पिंजाऱ्याचा दोरा कुजला. तुझा राहिला. कुठला दोरा घेतला होतास तू?

"अनपिक इट, चाइल्ड," मी मोठ्याने म्हणाले. केनला वाटलं त्याला सांगते आहे, तो कात्री आणायला धावला. मी नखाने उसवलं.

मेणकापड भेगाळलं होतं. वाटी काळवंडली होती, पण फुंकर मारून पदराने पुसली तर आतून तशीच पिवळी. माझ्या करंगळीच्या नखाएवढी. एवढीशीच. मला इतकी वर्षं ती केवढी मोठी वाटत होती.

चिठ्ठी भिजली होती. केनने ती टिपकागदावर पसरली आणि पंखा दूर ठेवून वाळवली. आईने पेन्सिलीने लिहिलं होतं, वाण्याची यादी करायची तीच पेन्सिल असणार. शाई असती तर गेली असती. चार ओळी आहेत. तुला लिहून देते, तुझा हक्क आहे.

"सरू, कडी मीच लावली. ह्यांनी सांगितलं नव्हतं. माफी मागत नाही, तू द्यायची नाहीस. वाटी माहेराची आहे, माझ्या रागाची नाही, तेव्हा घाल. पोचली की अनूला एवढंच लिही, वाटी पोचली."

मी किती काय काय कल्पना केल्या होत्या. बाबांनी तिचा हात धरला असेल, ती आत रडत असेल. तसं काहीच नाही. कडी तिनेच लावली आणि पाचव्या दिवशी कापसाचं गाठोडं घेऊन ओट्यावर जाऊन बसली. दोन्ही तिनेच केलं. हे पचवायला मला उरलेलं आयुष्य लागेल. केनने चिठ्ठी वाचायला मागितली. कडी हा शब्द त्याने शोधला, त्याला आधी जेवणातली कढी वाटली होती. मग म्हणाला, "गादी मी पुरली नसती तर?"

त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे, माझ्याकडे आहे. त्याच्या चुकीने ती पुरली गेली, म्हणून मी तुला लिहिलं, म्हणून तू बोललीस. नाहीतर फेब्रुवारीत म्हटल्याप्रमाणे मी तिच्यावर स्टिकर लावून रस्त्याच्या कडेला ठेवणार होते. मी त्याला हे सांगितलं तर तो पुन्हा फळ्यांवर गुडघे टेकायला लागला, या वेळी हसत.

दहा जुलैला दुसरा डोळा. किरकोळ काम आहे, पण वय आहे, आणि आपल्या दोघींना गोष्टी न सांगता ठेवण्याची वाईट सवय आहे. म्हणून कुणाला काय ते लिहून ठेवते. मधुरिमाला मराठी वाचायचा कंटाळा आहे. तूच तिला समजावून सांगशील.

वाटी मी आजपासून काळ्या दोऱ्यात ओवून घातली आहे. मंगळसूत्र दत्तात्रयबरोबर उतरवलं, पण ही माहेरची, हिला वैधव्य नाही. ओनो-सान यांनी सुंदर आहे म्हटलं. माझ्यानंतर ती आणि कपाटातली सासरची, दोन्ही वाट्या मधुरिमाला. एकत्र, एका दोऱ्यात. तिने त्या पुढे सुट्या करायच्या नाहीत.

चिठ्ठी तुला. वाळली की पाठवते. न वाचता तू ती शिवलीस आणि न वाचता वाहिलीस, आता तुझ्याजवळ राहू दे. श्रावणी कधी तुझ्या मनाविरुद्ध काही करेल आणि तुझा हात कडीकडे जाईल, तेव्हा काढून बघ.

तुझ्या टाक्यांची पट्टी, चार बोटं लांब, मी कुणाला देणार नाही. ती उशीखाली आहे. माझ्याबरोबर जाळा.

मेथी पुन्हा लावली, तिने मान टाकलेली नाही. पहिली जुडी ओनो-सान यांना, कालवांच्या चुऱ्याबद्दल.

आणि गादी केनला. आपल्याकडे गादी कुणाला यावरून घरं फुटतात. आमच्या गादीला आपणहून वारस मिळाला. उरलेला कापूस त्याने परत तळाशी घातला आहे, त्यावर नवी माती. घर पुढे विकलं तरी चौकटीसकट तो वाफा त्याचा, कावासाकीच्या बाल्कनीत मावेल तेवढा त्याने न्यावा.

राहिली आई. तिला काही द्यायचं नाही, फक्त निरोप आहे, तोही तिनेच सांगून ठेवलेला. तू तुळशीबागेत जा. दिवाळीची वाट बघू नकोस, हे पत्र मिळेल त्या दिवशी जा. देवळाच्या त्या ओट्यावर बस आणि सांग, वाटी पोचली. कानाचं यंत्र लावू नकोस. तुला स्वतःला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांग.

तुझी
सरू